ठरलेली वाट

सटवाजी लढाईवरून परत आला त्या दिवशी धुरपताबाई येलदरीच्या वरच्या अंगाला पूर्णेच्या पात्रात मेंढरं पाजत होती. दरडीवर खाकी कपड्यातला माणूस दिसला तेव्हा तिला वाटलं, जंगलखात्याचा कुणी तरी आलाय, आता चराईवरून कटकट करणार. मग त्या माणसानं जीभ टाळूला लावून टकटक असा आवाज काढला. त्या आवाजावर मेंढरं वळली न वळली, धुरपता मात्र हातातलं सगळं टाकून वळली. एवढ्या वर्षांत तो आवाज दुसऱ्या कुणाला काढता आला नव्हता.

सटवाजी गेला होता तो परभणीच्या ठेसनावरून. भरतीवाले आले होते आणि खेचरं सांभाळायला जनावरातली माणसं शोधत होते. जित्राबाच्या अंगावर नुसता हात ठेवून त्याचं दुखणं ओळखणारा हा गडी त्यांना पहिल्याच दिवशी पसंत पडला. पुढं तो आसामात गेला, तिथून ब्रह्मदेशाच्या डोंगरात. खेचरांवर दारूगोळा आणि शिधा लादून वरच्या चौक्यांना पोचवायचा, हे त्याच्या पलटणीचं काम. नाईकाचा हुद्दा मिळवून तो परत आला.

तो जायच्या आधी त्यांच्या सगळ्या बिऱ्हाडांचा म्होरक्या तोच होता. म्होरक्याचं काम सोपं नव्हे. पावसाळ्यात जिंतूरच्या डोंगरात राहायचं, दिवाळी झाली की खाली काळ्या रानात उतरायचं, मानवतपासून पिंगळीपर्यंत. तिथले शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढरं बसवून घेत आणि बदल्यात धान्य देत. कुठल्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी असतं, कुणाचं रान कधी मोकळं होतं, कुठं लांडगा आहे, कुठल्या गावचा पाटील तिरसट आहे, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरून वाट काढायची. सटवाजी ते बसल्या बसल्या करायचा.

तो गेल्यावर म्होरकेपण त्याच्या चुलत्याकडे, धोंडीबाकडे आलं. पण धोंडीबाचे गुडघे धरलेले आणि नजर अधू झालेली. तो खोकत खोकत विचारायचा, "सूनबाई, आभाळ कसं हाय गं?" धुरपता पदर सावरून सांगायची, "मामंजी, वरल्या अंगाला धरलंय. आज हितंच थांबावं." मग धोंडीबा खाकरून सगळ्यांना हुकूम द्यायचा, "आज हितंच थांबायचं." अशी पाच वर्षं निघाली. कुणाला काही बोलायची गरज पडली नाही.

आता सटवाजी आला, तेव्हा धोंडीबानं आनंदानं म्होरक्याची काठी त्याच्या हातात दिली. धुरपतालाही बरं वाटलं. थोडं चुकल्यासारखंही वाटलं, पण ते तिनं मनातच ठेवलं.

लढाईवरून आलेली माणसं रात्री ओरडत उठतात, भांडी फेकतात, असं तिनं मानवतच्या बाजारात ऐकलं होतं. सटवाजी तसलं काही करत नव्हता. गाढ झोपायचा, पोटभर जेवायचा, लेकरांशी हसून बोलायचा. कातरणीला बसला तर त्याचा हात पूर्वीपेक्षा चलाख झाला होता. संध्याकाळी निवांत बसून पुढच्या मुक्कामाचं बोलायला लागला की धुरपता ऐकत राहायची. पाच वर्षांपूर्वीचा एक एक ओढा त्याला पाठ होता.

पहिल्यांदा तिला शंका आली ती एका विहिरीवर. उन्हाळ्याचे दिवस होते. दुसऱ्या एका कळपाची माणसं आली आणि आधी पाणी कुणाच्या जनावरांना, यावरून बाचाबाची सुरू झाली. सटवाजी पोहऱ्यानं पाणी शेंदून जनावरांना पाजायच्या डोणीत ओतत होता. त्या रेटारेटीत कुणाचा तरी धक्का लागून डोण कलली आणि तिचा एका बाजूचा काठ फुटला. पाणी बाहेर वाहायला लागलं. सगळे ओरडले. सटवाजी शेंदतच राहिला. पोहरा वर, डोणीत, पुन्हा खाली. चिखलात त्याची पावलं बुडाली, तरी तो शेंदतच होता. धुरपतानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती, काहीच नव्हतं.

तिनं जाऊन दोरीला हात घातला, तेव्हा तो दचकला. खाली पाहून म्हणाला, "अगं, डोण फुटली की!"

पुढं लांडगा आला तेव्हाही तसंच झालं. लांडगा केव्हाच पळाला होता, मेंढरं दुसऱ्या बाजूनं कुणाच्या तरी ज्वारीत शिरली होती, माणसं हाका मारत होती, आणि सटवाजी एकटाच लांडग्याच्या वाटेनं धावत होता.

धुरपता आठ-पंधरा दिवस गप्प राहिली. तिनं एक गोष्ट मात्र हेरली. निवांत असला की हा माणूस पूर्वीसारखा आहे. गलका झाला, घाई झाली, दोन-तीन गोष्टी एकदम अंगावर आल्या, की त्याचं डोकं एकाच गोष्टीला चिकटून बसतं.

एका दुपारी मेंढरं बाभळीखाली बसली होती. सटवाजी लोकर कातत होता. तिनं सरळच विचारलं.

"अवं, त्या दिवशी हिरीवर तुमाला काय झालं व्हतं?"

सटवाजीच्या बोटांवरची लोकर फिरायची थांबली नाही. कातलेला धागा त्यानं गुंडाळून घेतला. मग म्हणाला, "तुला कळलं व्हय?"

"कळलं. पर काय त्ये न्हाई कळलं."

"मलाबी आदी कळत नव्हतं. तिकडं डाक्टरनं सांगितलं तवा कळलं."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं, अगदी शांतपणे.

ब्रह्मदेशाच्या डोंगरात पावसाळा चालू होता. वरच्या चौकीत आपली माणसं अडकली होती आणि खाली-वर, खाली-वर करून खेचरांच्या पलटणीतल्या कुणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. एका पहाटे सटवाजी आपली खेचरांची रांग घेऊन निघाला. हुकूम होता की लाकडी पुलावरून जायचं. पुलापाशी पोचले तो तोफेचे गोळे पडायला लागले. पूल मधोमध मोडलेला होता. आणि पुलाच्या जरा खालच्या अंगाला पाणी पसरून उथळ वाहत होतं. लहान पोरालाही दिसलं असतं की तिथून जाता येतं.

"मला दिसत नव्हतं, धुरपते," सटवाजी म्हणाला. "डोळे उघडे व्हते. पर डोस्क्यात येकच, पूल. मी आपला मनायलो, पुलावर घाला, पुलावर घाला. म्होरलं खेचर पाय टाकंना, तरीबी मी त्याला रेटायलो. खेचराला कळलं, मला न्हाई."

"मंग?"

"बख्तावर मनून पंजाबी गडी व्हता माझ्या हाताखाली. त्यानं काई इचारलं न्हाई. माझ्या हातातला कासरा घेतला आन् खेचर खाली वळवलं. तवा मला ती पान्यातली वाट दिसली. ती तितंच व्हती. सगळे पार झाले. वर पोचलो तवा चौकीतला कप्तान आमाला मनला, शिधा वाटा. आमी वाटला. घडीभरानं पुन्यांदा मनला, शिधा वाटा. वाटलेला दिसायला त्याला, तरीबी. लय हुशार मानूस व्हता त्यो. तवा मला वाटलं, ह्ये माझं येकट्याचं न्हाई."

पुढं ताप येऊन तो दवाखान्यात पडला. तिथल्या मद्रासी डॉक्टरनं त्याचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की, हात शिकलेलं विसरत नाही. तू झोपेतही खेचरावर ओझं बांधशील. पण माणूस फार दिवस जिवाच्या भीतीत आणि जागरणात राहिला की डोकं जुनं सोडत नाही आणि नवं धरत नाही. ठरलं ते ठरलं, तेवढंच त्याला दिसतं. भित्र्यालाही होतं आणि शूरालाही होतं. कुणाचं महिन्यात जातं, कुणाचं वर्षानुवर्षं राहतं.

"आन् तुमचं?" धुरपतानं विचारलं.

"तू बगायलीस की."

ती गवताची काडी दातात धरून विचार करत राहिली. मग म्हणाली, "तुमी मामंजीला सांगा. काठी त्यायलाच परत द्या."

"तात्याला दिसत न्हाई आन् चालवत न्हाई. काठी त्याच्या हातात व्हती तवाबी वाट कोन काढायलं व्हतं, मला ठावं हाय. आश्रुबानं सांगितलंय मला." आश्रुबा हा धोंडीबाचा मुलगा, सटवाजीचा चुलतभाऊ. धुरपता लाजली. सटवाजी हसला नाही. "आता मी निवांत हाय, आता डोस्कं माझ्यापाशी हाय. मनून आताच ठरवू. गलक्यात मी येकच गोष्ट तिसऱ्यांदा बोललो की तू माझ्या हातातली काठी घ्यायची. इचारायचं न्हाई. मी आडवं बोललो तरी ऐकायचं न्हाई."

"चार मानसांम्होरं? लोकं काय मनतील?"

"मनतील त्ये मनतील. बख्तावरनं इचार केला असता की लोकं काय मनतील, तर मी आज हितं लोकर कातायला नसतो."

पावसाळा डोंगरात गेला. कार्तिकात बिऱ्हाडं खाली निघाली. मानवतच्या एका शेतकऱ्यानं, दत्तरावांनी, आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायला बोलावलं होतं, आणि मानवतला जायचं तर वाटेत दुधना नदी ओलांडावी लागे. सकाळी सटवाजी स्वतः जाऊन उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची उथळ जागा, पाहून आला. पाणी गुडघ्याएवढं होतं. दुपारी जेवणं उरकून उतरायचं ठरलं.

जेवणं झाली आणि सगळं एकदम बिघडलं. जालन्याच्या अंगाला आभाळ काळंनिळं झालं होतं, ते गडगडायला लागलं. एक मेंढी वाटेतच विणीला बसली. सामान लादलेलं तट्टू विजेला बुजलं आणि भांडी-घोंगड्या उधळत पळालं. काठावरच्या कापसात चार मेंढरं शिरली म्हणून राखणदार शिव्या देत धावत आला. लेकरं रडायला लागली. बायका तट्टामागं धावल्या. प्रत्येकजण सटवाजीला हाक मारत होता.

"उताराला लावा," सटवाजी म्हणाला. "चला, चला."

धुरपता नदीच्या काठाशी होती. तिचं लक्ष पाण्याकडे गेलं. सकाळचं नितळ पाणी आता चहासारखं झालं होतं. त्यावर फेस होता, वाळल्या काटक्या होत्या, बाभळीच्या शेंगा होत्या. पाणी फार चढलं नव्हतं, पण हे सगळं वाहत आणणारं पाणी मागून येत होतं. ती धावत सटवाजीकडे आली.

"अवं, पानी बगा. काटक्या यायल्यात. वर पाऊस झालाय. आज नको."

सटवाजीनं तिच्याकडे पाहिलं. विहिरीवरचंच तोंड होतं ते. "उताराला लावा. सांज व्हायच्या आत पार व्हायचंय."

"पार न्हाई व्हायचं. पूर यायलाय!"

"उताराला लावा," तो म्हणाला.

धुरपतानं त्याच्या हातातली काठी धरली आणि ओढली. त्याची मूठ घट्ट होती. एक क्षण दोघंही तशीच उभी राहिली. मग ती मूठ सुटली. तिनं काठी म्होरल्या शेळीच्या पुढ्यात आडवी घातली, तिला दरडीकडे वळवलं आणि ओरडली, "मागं घ्या! समदी मागं घ्या!"

शेळी वळली तशी मेंढरं वळली. माणसं मात्र जिथल्या तिथं थांबली. म्होरक्याच्या हातातून त्याच्या बायकोनं काठी काढून घेतली, असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

धोंडीबा लाल झाला. इतकी वर्षं तिलाच आभाळ विचारणारा तो म्हातारा, पण सगळ्यांच्या देखत हे त्याला सोसवेना. "सूनबाई! काठी दे आदी त्याची! बाईच्या सांगन्यावर आता बिऱ्हाडं वळायची व्हय? आश्रुबा, आपली मेंढरं घाल पान्यात!"

आश्रुबा घुटमळला. पण बापाचा हुकूम. त्यानं आपल्या वाट्याची मेंढरं उताराला लावली आणि स्वतः पुढं झाला. तो मध्यावर असतानाच वरच्या वळणावरून आवाज आला, दगडांवर दगड घासल्यासारखा. पाणी भिंतीसारखं आलं नाही, तसं ते येत नाही. ते फुगलं. बघता बघता मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. मेंढरांच्या माना तेवढ्या दिसायला लागल्या आणि मग त्याही एक एक करून खालच्या अंगाला निघाल्या. आश्रुबाचा पाय सुटला. तो वाहत जाऊन पात्रातल्या एका खडकाला अडकला.

काठावर नुसता आक्रोश झाला. आणि त्या आक्रोशात सटवाजी हलला. त्यानं पडलेल्या सामानातला दोर उचलला, एक टोक बाभळीच्या बुंध्याला बांधलं, दुसरं कमरेला. गाठ मारताना त्यानं खालीसुद्धा पाहिलं नाही. वरच्या अंगाला जाऊन तिरपा पाण्यात शिरला, पाण्याशी भांडला नाही, त्याच्याबरोबर वाहत खडकापाशी पोचला. आश्रुबाच्या बगलेतून दोर घातला आणि हात वर केला. काठावरच्यांनी ओढलं. ब्रह्मदेशाच्या नद्यांतून बुजलेली खेचरं त्यानं अशीच काढली होती. तिथं विचार करायचा नव्हता, हाताला ठाऊक होतं.

आश्रुबा वाचला. त्याच्या मेंढरांतली निम्मी गेली. ती नंतर खालच्या गावापाशी काटेरी झुडपांत अडकलेली सापडली, फुगलेली.

मुक्काम अलीकडच्या तीरावरच पडला. विणीची मेंढी मोकळी झाली, तट्टू सापडलं, राखणदारही नदीचं रूप पाहून शिव्या विसरला आणि सरपण देऊन गेला. सटवाजी घोंगडी पांघरून बसला होता. धुरपतानं त्याला गूळ घातलेला काढा दिला.

"किती येळा बोललो मी?" त्यानं विचारलं.

"तीनदा."

"बरं केलंस."

"तुमी मूठ सोडली मनून जमलं," ती म्हणाली. "न्हाईतर माझ्यानं ओढली नसती गेली."

"मी सोडली?" त्याला ते आठवत नव्हतं.

सकाळी धोंडीबानं सगळ्यांना बोलावलं. म्हाताऱ्याचे डोळे सुजलेले होते, पण ताठा गेला नव्हता. तो म्हणाला, "पोरगं माझं सटवाजीनं काढलं. त्ये मी इसरायचो न्हाई. पर काठीची गोष्ट येगळी हाय. काठी बाईनं हिसकून घ्यायची, ह्ये आपल्यात चालायचं न्हाई."

"हिसकली न्हाई, तात्या," सटवाजी म्हणाला. "मीच तिला तसं सांगून ठेवलं व्हतं."

आणि बाभळीखाली बायकोला सांगितलं होतं ते त्यानं चार माणसांत सांगितलं. पूल, बख्तावर, शिधा पुन्हा पुन्हा वाटायला लावणारा कप्तान. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. माणसं ऐकत राहिली. त्याच्यासारखा गडी स्वतःबद्दल असं बोलेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "कुठं जायचं, कवा जायचं, त्ये मी निवांत बसून ठरवीन. त्ये मला येतंय. वाटंत गडबड झाली तर हिचं ऐकायचं. तुमाला पटत नसंल तर दुसरा म्होरक्या करा. मला राग न्हाई."

मग धोंडीबाची बायको मनकर्णाबाई, जी माणसांच्या बैठकीत कधी तोंड उघडत नसे, चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "काल हिचं ऐकलं असतं तर माझं पोरगं खडकाला लटकलं नसतं."

धोंडीबा उठून गेला. पण त्यानं दुसरा म्होरक्या सुचवला नाही.

दोन दिवसांनी दुधना ओसरली आणि ते पार झाले. दत्तरावांच्या रानात मेंढरं बसली. त्या हंगामात लोकांनी कुजबूज केली, बाजारात कुणी कुणी धुरपताला "नाईकीण" म्हणून चिडवलंही. तिनं एकदा उलट विचारलं, "पगार देता काय?" त्यावर चिडवणाराच हसला. हळूहळू त्या नावातली टोच गेली.

उन्हाळा लागता लागता बिऱ्हाडं पिंगळीच्या रानात होती. परतीची वाट धरायच्या दिवशी सकाळीच रुळावरून मालगाडी शिट्टी मारत गेली आणि मेंढरं बिथरली. त्यातच गावातून निरोप आला की ठरलेल्या वाटेवरच्या विहिरीत जनावर पडलंय, पाणी बाटलंय. कुत्री भुंकत होती, आश्रुबा एकीकडून विचारत होता, मनकर्णाबाई दुसरीकडून. धुरपता सटवाजीकडे पाहत उभी राहिली.

"हिरीच्या वाटंनं चला," तो म्हणाला.

तिनं मनात मोजलं, एक.

"हिरीच्या..." तो थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं डोळे मिटले आणि तसाच उभा राहिला, इतका वेळ की आश्रुबा पुढं व्हायला लागला. धुरपतानं हातानंच आश्रुबाला थांबवलं.

"न्हाई," सटवाजी डोळे उघडून सावकाश म्हणाला. "पानी बाटलंय. मंग हीर नको. ओढ्याच्या अंगानं जाऊ. लांब पडंल, पर डोहात पानी असंल अजून." मग जरा चाचरत त्यानं विचारलं, "असंल न्हवं?"

धुरपता ओढ्याकडे तोंड करून उभी राहिली. डोहाच्या बाजूनं बगळे उडत होते.

"हाय," ती म्हणाली. "पर उन्हं व्हायच्या आत निघाया पायजे."

मग ती मनकर्णाबाईच्या डोक्यावरचं गाठोडं घ्यायला गेली, आणि सटवाजीनं जीभ टाळूला लावली.